दोन केसपेपर

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात वाळपई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून यायचा आहे, अशी मधली वेळ आमच्या वाट्याला आली आहे. तेव्हा लांबण लावायची सोय नाही. ओळख करून देताना आम्हाला डॉक्टर म्हटले गेले. आम्ही डॉक्टर नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलेले नेत्रसहाय्यक आहोत. चष्म्याचा नंबर काढणे, मोतीबिंदू दिसला तर पुढे पाठवणे, शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासणे हे आमचे काम. सत्तरीतल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी आमच्यासमोरच्या खुर्चीत बसून गेले आहे. जे कधी बसलेच नाहीत, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसरीकडे नेमणूक असताना, एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला डाउन सिंड्रोम होता. तक्ता दाखवला, तो बोलला नाही. डोळ्यावर उजेड धरला, त्याने हात झटकला. बाहेर रांग वाढत होती. शेवटी आईच म्हणाली, "ताका कळना, डॉक्टर. ताका चष्मो कित्याक?" आम्ही केसपेपरवर 'तपासणीस सहकार्य नाही' असे लिहिले आणि त्यांना जाऊ दिले.

सात वर्षांनी तोच मुलगा एका शिबिरात पुन्हा समोर आला. तोवर आम्ही थोडे शिकलो होतो. उजव्या डोळ्याला उणे सहा, डाव्याला उणे नऊ. म्हणजे वीतभर अंतरापलीकडचे सगळे जग धूसर. चष्मा दिला. उजव्या डोळ्याने छान दिसू लागले, डाव्याला मात्र फारसा फरक पडला नाही. लहानपणी ज्या डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र मिळत नाही, तो डोळा मेंदू वापरेनासा होतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपाय झाला तर गुण चांगला येतो, पुढे तो कठीण होत जातो. सहाव्या वर्षी हा मुलगा आमच्याकडे आला होता! आईने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. तिची समजूत एवढीच होती की मुलगा हट्टी आहे, पाहुण्यांना ओळख देत नाही, अंगणात उतरताना उंबऱ्यावर अडून बसतो.

खरे म्हणजे नंबर काढायला रुग्णाच्या उत्तराची गरज नसते. रेटिनोस्कोप नावाचे हातात मावणारे उपकरण असते. त्यातून बाहुलीत प्रकाशाची एक पट्टी सोडायची आणि आतून परत येणारी लाल चमक कुठल्या बाजूला सरकते ते बघायचे. समोर एकेक काच धरत जायचे. चमक सरकायची थांबली की नंबर मिळाला. तान्ह्या बाळाचाही असाच काढतात. लहान मुलांत आधी थेंब घालून डोळ्याचे स्नायू सैल करावे लागतात, आणि थेंब झोंबतात, हे कबूल. पण रडणारे मूल आणि तपासता न येणारे मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला आम्हाला सात वर्षे लागली.

दृष्टी किती आहे ते बघायलाही अक्षरे यावी लागत नाहीत. फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लिआ ह्युवारिनेन यांनी सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ अशा चार चित्रांचा तक्ता तयार केला. मुलाच्या मांडीवर तीच चार चित्रे ठेवायची. आम्ही लांबून घर दाखवले की त्याने घरावर बोट ठेवायचे. बोलता येत नसले तरी चालते. बोटही उचलत नसेल तर नजर कुठे जाते ते बघतो.

आता कोणाकडे विशेष लक्ष द्यायचे? डाउन सिंड्रोमच्या मुलांत मोठे नंबर पुष्कळ दिसतात. शिवाय त्यांच्यातल्या अनेकांना लहान वयातच जवळचे नीट दिसत नाही. वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठात या मुलांवर वर्षानुवर्षे काम झाले आणि म्हाताऱ्यांचा म्हणून आपण ओळखतो तो दोन भागांचा चष्मा त्यांना उपयोगी पडतो असे दिसले. वहीत रेघोट्या मारणारे मूल बुद्धीने कमी म्हणून मारते की वही दिसत नाही म्हणून, हे चष्मा घातल्याशिवाय ठरवू नये. सेरेब्रल पाल्सीत तिरळेपणा आणि नंबर दोन्ही सापडतात. काहींचे डोळे ठीक असून मेंदूलाच चित्र उमगत नाही, तिथे नुसता चष्मा पुरत नाही. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे तर सगळे बोलणे डोळ्यांवर चालते. असे मूल तिन्हीसांजेला ठेचकाळू लागले तर त्याला धांदरट म्हणू नका, लगेच पडद्याची तपासणी करून घ्या. बहिरेपण आणि रातांधळेपण एकत्र येणारा एक आजार आहे.

इतके दिव्यांगांचे झाले. आता त्यांना सांभाळणाऱ्यांचे.

आपल्या भाषेत वयाला आणि चष्म्याला एकच शब्द आहे, चाळिशी. डोळ्यातले भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि पेपर लांब धरावा लागतो. आमचा स्वतःचा चष्मा खिशातच आहे, भाषणाचा कागद त्याच्याशिवाय वाचता येत नाही. पण दिव्यांग मुलाची आई साधारण याच वयात असते. फिटच्या औषधाचे तीन मिली सिरिंजमध्ये ओढायचे, गोळीच्या पाकिटावरची तारीख बघायची, हात झटकणाऱ्या मुलाची नखे कापायची, पेडव्याचे काटे काढून घास भरवायचा, ही सगळी जवळच्या नजरेची कामे. आम्ही एका आईला आमच्यासमोर रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी ओढायला सांगितले. तीनऐवजी साडेचार ओढले. "अंदाज आहे मला," म्हणाली. विशेष शाळेतल्या एका मदतनीस बाईंची तीच गत, त्या तर सहा मुलांना डबा भरवतात. दोघींना दीड-दोन नंबरचा साधा वाचायचा चष्मा पुरला.

आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा लगेच दिला त्यांची पानतोडणी, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. पाने खुडणाऱ्या हातांचे हे, तर औषध मोजणाऱ्या हातांचे काय असेल ते तुम्हीच बघा. २०२३च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा चाकाच्या खुर्च्या ढकलणारे किती तरी आईबाप कार्यक्रमपत्रिका हात लांब करून वाचताना दिसले. आमची नजर धंद्याची, ती तिथेच जाते.

सरकारी माणूस आहोत म्हणून कागदांचेही सांगतो. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दृष्टीचे प्रमाणपत्र देताना चष्मा लावून किती दिसते ते बघतात. त्यामुळे चष्म्याने सुटणारा दोष प्रमाणपत्रावर येतच नाही. कार्डावर 'बौद्धिक' असे लिहिले की घरातलेही डोळ्यांचे विचारत नाहीत. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांना आणि वृद्धांना मोफत चष्मे मिळतात. शाळेतच न गेलेला तिशीतला मुलगा या दोन्ही रांगांत सहजी दिसत नाही. त्याला कोणी तरी घरातून उठवून आणावे लागते.

म्हणून आपल्याला सांगतो आहोत. चवथीच्या दिवसांत आपण घरोघर जातो. माटोळी बघतो, नेवऱ्या खातो, फुगडी बघत बसतो. आतल्या खोलीत कोणी तरी बसलेले असते, त्याच्या आईला एवढे विचारा: याचे डोळे कधी तपासले? टीव्हीला नाक लावून बसतो का, मान वाकडी करून बघतो का, डोळे सारखे चोळतो का? आणि तिला स्वतःला सुईत दोरा ओवता येतो का?

तपासणीला यायचे तर सकाळी लवकर या, मूल उपाशी नको, त्याचे आवडते खेळणे सोबत असू द्या. पहिल्या दिवशी नुसती खोली बघून गेला तरी हरकत नाही. नाकाचा उंचवटा बसका असेल तर चष्मा घसरतो, तेव्हा मागून पट्टा असलेली फ्रेम घ्या. सुरुवातीला तो चष्मा फेकून देईल. टीव्हीच्या वेळी पाच मिनिटे, मग दहा मिनिटे, असे वाढवा. आमच्या त्या मुलाने पहिल्या महिन्यात दोन फ्रेमी मोडल्या. तिसरी मात्र तो झोपतानाही काढू देत नाही, अशी आता आईची तक्रार आहे. औषधाची बाटली आणि सिरिंज सोबत आणा, आणि खिडकीवर मुलाचा केसपेपर काढताना त्याच्या आईचाही काढा.