नाबोथाचा मळा
(ज्युबिली सभेतील भाषण)



या मंगल दिनी आम्ही द्राक्षमळ्याविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्युबिलीचा मूळ नियम जमिनीविषयीच आहे. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात आज्ञा आहे की, पन्नासाव्या वर्षी पेरणी करू नये, छाटणीवाचून वाढलेल्या वेलींची द्राक्षे खुडू नयेत, आणि अडचणीपायी विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी. कारण भूमी परमेश्वराची, आपण तिच्यावरील पाहुणे.

याच श्रद्धेपायी नाबोथाने प्राण दिले. अहाब राजाने त्याला मळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा अथवा रोख मोल देऊ केले. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला. आणि खोट्या साक्षीवरून त्याला दगडमार झाला.

एका मळ्याऐवजी दुसरा का चालू नये? याचे उत्तर फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात मिळते. 1098 साली स्थापन झालेल्या सीतो येथील मठवासीयांनी पुढील शतकात वूजो गावी द्राक्षवेली लावण्यास आरंभ केला. तेथे तटबंदीच्या आत सुमारे 50 हेक्टर जमीन आहे. उताराच्या माथ्यावर चुनखडकावर मातीचा पातळ थर. पाणी निथळून जाते. पायथ्याशी जड चिकणमाती. पाणी साचून राहते. वेल एकाच जातीची, तरी वरच्या व खालच्या द्राक्षारसाची चव निराळी. माती, उतार, ऊन, वारा व माणसांची रीत यांच्या या मेळास फ्रेंच लोक ‘तेरवार’ म्हणतात.

राज्यक्रांतीच्या काळात, 1790 च्या सुमारास, हा मळा सरकारजमा होऊन पुढे विकला गेला. आज त्याचे सुमारे 80 मालक आहेत. सरासरी वाटा दीड एकराचा.

त्या प्रांतातील काही लहान घराण्यांनी सेंद्रिय शेती पत्करली आहे. तणनाशक वर्ज्य, तण नांगराने व खुरप्याने काढावयाचे. केवड्यावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण, भुरीवर गंधक. मोरचुदातील तांबेही मातीत साचते, म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घातली आहे. 2021 च्या एप्रिलात हिमाने कोवळे कोंब करपले. 2024 साली पावसाने केवडा माजला. अशा वर्षी लहान घराण्याची सारी कमाई पणास लागते.

रसायनांवाचून पिकलेला द्राक्षारस श्रेष्ठच असतो, असा आमचा दावा नाही. परंतु ज्या मातीने चव दिली, ती जिवंत ठेवून मुलांच्या हाती द्यावी, हा त्या कष्टांचा अर्थ आम्हांस पटतो. पवित्र मिस्साबलिदानासाठी द्राक्षारस नैसर्गिक व न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. वेदीवर जे चढते, ते अखेर कोणाच्या तरी मातीतून येते.

बंधुभगिनीहो, आपल्यापैकी कित्येकांपाशी वडिलोपार्जित वाडीचा एखादा तुकडा अद्याप शिल्लक आहे. गिऱ्हाईक येते, ते अहाबाचेच शब्द बोलते: दुसरीकडे याहून चांगली घ्या, नाहीतर रोख मोजून घ्या. गरजेपोटी ज्याने विकली, त्याला आम्ही दोष देत नाही. लेवीय ग्रंथही देत नाही, उलट त्याच्या आप्ताने ती सोडवावी असे सांगतो. तर ज्युबिलीच्या वर्षी आपण एवढा निश्चय करावा: कुटुंबावर संकट आले, तर जमीन परक्याकडे जाण्यापूर्वी भाऊबंदांनी एकत्र बसावे, आणि उरलेली माती विषावाचून राखावी.

परमेश्वर आपल्या मळ्यांस व घरांस आशीर्वाद देवो.