ताऱ्यांची लाली काय सांगते

जूनच्या रात्री दक्षिणेला वृश्चिकातली तांबडी ज्येष्ठा सहज ओळखू येते. तिथून सरळ उत्तरेला सरकलात की भुजंगधारी तारकासमूहातला झीटा हा तारा लागतो. नुसत्या डोळ्यांना तो पांढरट, चारचौघांसारखा दिसतो. त्याचा वर्णपट मात्र वेगळेच सांगतो. त्यात आयनित हेलियमच्या रेषा आहेत, म्हणजे ताऱ्याचे तापमान तीस हजार अंशांच्या वर आहे. इतका तप्त तारा निळा हवा. मग निळा रंग गेला कुठे?

तो वाटेतल्या धुळीने अडवला. ताऱ्यांमधल्या पोकळीत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे बारीक कण विखुरलेले आहेत. निळा प्रकाश ते जास्त अडवतात, तांबडा कमी. म्हणून तारा मंदावतो आणि लालसरही होतो. ही लालीच आपल्याला हिशेब देते.

ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाचे माप, एकदा निळ्या आणि एकदा हिरव्या-पिवळ्या फिल्टरमधून मोजतात. दोन्हींतला फरक म्हणजे वर्णांक. अशा तप्त ताऱ्याचा मूळ वर्णांक उणे ०.३० असतो, झीटाचा भरतो अधिक ०.०२. म्हणजे लाली ०.३२. आकाशगंगेत बहुतेक ठिकाणी एकूण शोषण लालीच्या ३.१ पट असते. गुणाकार केला की उत्तर येते जवळजवळ १ प्रत. आपल्याकडे निघालेल्या प्रकाशातला सुमारे ४० टक्केच पोचला!

१९३० साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत रॉबर्ट ट्रम्पलर तारकागुच्छांची अंतरे काढत होते. तेजावरून काढलेली अंतरे धरली, तर गुच्छ जितका दूर तितका आकाराने मोठा ठरू लागला. आपल्यापासून लांब आहेत एवढ्याच कारणाने गुच्छ मोठे कसे असतील? प्रकाश वाटेत शोषला जात होता, आणि ताऱ्यांची लालीही तेच सांगत होती. त्याआधी हार्लो शॅप्ली यांनी आकाशगंगेचा व्यास तीन लाख प्रकाशवर्षे मानला होता. तो एवढा फुगला, त्यामागे हे शोषण जमेस न धरणे हेही एक कारण होते.

एका प्रतीचे शोषण विसरलो, तर ताऱ्याचे अंतर १.६ पट चुकते. मग त्याचे खरे तेज चुकते, आणि तेजावरून काढलेले वयही. विश्वाचा नकाशा विश्वासाने मांडायचा, तर आधी या धुळीचा हिशेब चोख हवा. तो ताऱ्याच्या रंगातच लिहिलेला आहे, ही मला खगोलशास्त्रातली फार मोठी देणगी वाटते.