मालमोटारीचे पाटे आणि घाट

श्रोत्यांपैकीं मावळवासीयांस हें दृश्य परिचित असेल: आषाढांत पवन मावळच्या भातखाचरांलगत जुनी मालमोटार रुतते, आणि मालक तिला उंच करण्याचें मनांत घेतो. सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगमध्यें एखादा जाड पाटा वाढविणें. परंतु पाट्याची जाडी दुप्पट झाली कीं त्याचा ताठपणा आठपट होतो. मग रिकामी गाडी खडीवर नुसती उसळते. मोडका पाटा वेल्डिंगनें सांधावा, तर पोलादास दिलेलें पाणीच उतरतें!

उंचीचा खरा हिशेब लोणावळा सोडल्यावर लागतो. १८३० सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या वळणांवर, पोतीं भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती बाहेरच्या अंगास अधिक कलते. आणि उंचीमुळें ब्रेकच्या नळ्या ताणल्या असतील, तर उतारावर प्राणाशींच गांठ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास मनाई करतें.

वस्तुतः जुनी गाडी मुळांत ठेंगणी नसते. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानें तिचे पाटे सपाट झालेले असतात. म्हणून जाणता कारागीर थकलेले पाटे बदलतो, उरलेल्यांस न तापवितां पुन्हां बाक देतो, नवे यू-बोल्ट आवळतो, आणि कारखान्यानें ठरविलेल्या उंचीवर थांबतो.