हल्ल्यानंतरची पंगत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणमधील फोर्डो, नतान्झ आणि इस्फहान या तीन अणुकेंद्रांवर बॉम्बहल्ला केला. इराण अण्वस्त्र तयार करीत नसल्याचा गुप्तवार्ता यंत्रणांचा निष्कर्ष तुलसी गबार्ड यांनी मार्चमध्येच अमेरिकी काँग्रेसपुढे मांडला होता. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आपल्याच या सहकारी बाईंचे म्हणणे जाहीरपणे चूक ठरविले. हल्ल्यातून झालेली हानी मर्यादित असावी, असा प्राथमिक अंदाज ज्या लष्करी गुप्तवार्ता संस्थेने दिला, तिच्या प्रमुखांना ऑगस्टमध्ये पदावरून दूर करण्यात आले.

कोण वर चढला आणि कोण खाली घसरला, एवढ्यापुरतीच या घटनांची चर्चा होते. सल्लागार शहाणे असते तर हे टळले असते, असेही पुष्कळांना वाटते. हा समज तपासण्यासाठी मी आज आपणांस साठ वर्षे मागे नेणार आहे. १९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्याभोवतीचे सल्लागार हे त्या देशातील अत्यंत बुद्धिमान लोक म्हणून गाजलेले होते, आणि त्यांची टिपणे आता अभ्यासकांना खुली आहेत.

७ फेब्रुवारी १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील प्लेकू येथील अमेरिकी तळावर गनिमांनी हल्ला केला. आठ सैनिक ठार झाले, शंभराहून अधिक जखमी झाले. काही तासांतच अमेरिकी विमानांनी उत्तर व्हिएतनाममधील डाँग हॉय येथील छावणीवर बॉम्ब टाकले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅक्जॉर्ज बंडी त्या वेळी सायगावमध्येच होते. सातत्याने प्रतिहल्ले करीत राहावे, अशी शिफारस करणारे टिपण घेऊनच ते परतले. प्लेकूसारखे प्रसंग ट्रामगाड्यांसारखे असतात, थांबले की एखादी येतेच, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी पुढे काढले. प्रवास आधीच ठरला होता आणि गाडीची तेवढी वाट पाहिली जात होती, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो. २ मार्चला नियमित बॉम्बफेक सुरू झाली आणि ८ मार्चला दा नांग येथे मरीन सैनिक उतरले. विमानांसाठी तळ हवा, तळासाठी पहारा हवा आणि पहाऱ्यासाठी फौज हवी, असा हा हिशेब होता.

पहिला बॉम्ब पडेपर्यंत ‘हल्ला करावा काय’ असा प्रश्न असतो. तो पडल्यानंतर ‘आता किती आणि कोठे’ एवढेच विचारावयाचे असते. जुना प्रश्न जो पुन्हा काढील तो अडथळा ठरतो. उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना याचा अनुभव तत्काळ आला. निवडणुकीत नुकताच प्रचंड विजय मिळाला असल्याने माघारीची राजकीय किंमत या वर्षी सर्वात कमी पडेल, आणि जनतेला न पटलेले युद्ध पक्षाला दुभंगून टाकील, असे टिपण त्यांनी त्याच महिन्यात दिले. परिणामी व्हिएतनामविषयक बैठकांतून त्यांना सुमारे वर्षभर वगळण्यात आले. पुन्हा प्रवेश मिळाला तो धोरणाचे समर्थन करू लागल्यावर. १९६८ साली हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, आणि ज्या युद्धाविरुद्ध त्यांनी इशारा दिला होता त्याच युद्धाचे ओझे खांद्यावर घेऊन थोड्या मतांनी हरले.

परराष्ट्र खात्यातील जॉर्ज बॉल यांची कथा निराळी आहे. त्यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये ६७ पृष्ठांचे टिपण लिहून युद्धविस्ताराचा प्रत्येक आधार तपासला होता. ते परराष्ट्रमंत्री रस्क, संरक्षणमंत्री मॅक्नामारा आणि बंडी या तिघांकडे गेले. जॉन्सन यांच्या हाती पडले ते फेब्रुवारी १९६५ च्या अखेरीस, म्हणजे हल्ले सुरू झाल्यावर! त्यानंतर बॉल यांना बैठकीत स्थान होते, त्यांचे बोलणे ऐकलेही जाई. पण विरोधकाची ती एक नेमून दिलेली जागा झाली होती. बॉल बोलले म्हणजे सर्व बाजूंचा विचार झाला, असे इतरांना समाधानाने म्हणता येई. सप्टेंबर १९६६ मध्ये ते गाजावाजा न करता बाहेर पडले.

खरे निर्णय होत ते मंगळवारच्या दुपारच्या जेवणाला. राष्ट्राध्यक्ष, रस्क, मॅक्नामारा आणि सुरक्षा सल्लागार एवढी ही पंगत. आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा शब्द आहे, तो येथे अक्षरशः लागू पडतो. कोणाचे पान मांडले जाते यावरून त्याचे वजन ठरे, आणि पान टिकविण्यासाठी मनुष्य काय गिळतो हे हम्फ्री यांनी दाखविले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या पंगतीतील गैरहजेरी अधिक महत्त्वाची वाटते. २८ जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करण्याची घोषणा केली, तीही दुपारच्या वार्ताहर परिषदेत. करवाढ सुचविली नाही. दोनच दिवसांनी त्यांनी वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. युद्धाचा खर्च उघड केला तर काँग्रेस समाजकल्याणाच्या योजना बुडवील, ही भीती त्यांना होती. म्हणून खर्च झाकला गेला. आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष गार्डनर ॲकली यांनी डिसेंबर १९६५ मध्ये करवाढीची निकड सांगितली. ती मानली गेली नाही. पुढील अर्थसंकल्प युद्ध ३० जून १९६७ पर्यंत संपेल असे गृहीत धरून बेतण्यात आला. त्यात व्हिएतनामसाठी सुमारे १० अब्ज डॉलर्स धरले होते. प्रत्यक्ष खर्च जवळजवळ दुप्पट झाला. १० टक्के अधिभाराचा कायदा जून १९६८ मध्ये झाला, तोही इतर खर्चात ६ अब्जांची कपात मान्य करून. १९६५ साली दोन टक्क्यांहून कमी असलेली महागाई तोवर चार टक्क्यांवर गेली होती.

गरिबीविरुद्धच्या मोहिमेला वर्षाकाठी दोन अब्ज डॉलर्सही मिळत नव्हते. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कमधील भाषणात हाच संबंध उघड केला: गरिबांचा कार्यक्रम युद्धाने मोडून टाकला होता. किंग यांच्यासाठी मंगळवारी पान मांडले जात नव्हते. दूरवरच्या गरिबांचे तर नावच नको. बॉम्बफेकीवरील भारताची टीका जॉन्सन यांना खुपत होती, आणि १९६५ ते १९६७ या टंचाईच्या काळात आपल्याला द्यावयाचा गहू ते थोड्या थोड्या मुदतीनेच मंजूर करीत राहिले.

माझ्या व्यवसायाचे लोकही निर्दोष नाहीत. बंडी गेल्यावर १९६६ मध्ये त्यांची जागा वॉल्ट रोस्टो यांनी घेतली. आर्थिक वाढीच्या अवस्थांवरील त्यांचा ग्रंथ आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकासारखा माहीत होता. गरीब देशांच्या विकासाचे हे भाष्यकार बॉम्बफेकीचे सर्वात आग्रही पुरस्कर्ते ठरले. उलट, मॅक्नामारा यांचा विश्वास उडाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये त्यांनी बॉम्बफेक थांबविण्याची शिफारस केली. चार महिन्यांच्या आत त्यांनी संरक्षणखाते सोडले आणि नंतर जागतिक बँक गाठली. पाने बदलत राहिली, पंगत तशीच चालू होती.

ती मोडली बाहेरच्या दबावाने. १९६८ च्या प्रारंभी टेटच्या उठावाने विजयाच्या गप्पा फोल ठरविल्या. युवकांची निदर्शने चालूच होती. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली. ३१ मार्चला जॉन्सन यांनी बॉम्बफेक मर्यादित केली आणि निवडणुकीतून माघार घेतली. दरबारातील शहाण्यांना तीन वर्षांत जे साधले नाही ते मतदारांनी घडवून आणले.

म्हणून, चांगले सल्लागार हवेत ही मागणी अपुरी आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या ठरावाने काँग्रेसने युद्धाचा अधिकार कोऱ्या धनादेशासारखा देऊन टाकला होता. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. ते दोघे, मोर्स आणि ग्रुएनिंग, १९६८ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. आपल्या राज्यघटनेतही युद्धासाठी संसदेची पूर्वसंमती स्पष्टपणे बंधनकारक केलेली नाही. लष्करी कारवाईपूर्वी चर्चा आणि तिच्या खर्चाचा स्वतंत्र, उघड हिशेब या मागण्या देशात शांतता असतानाच केल्या पाहिजेत. विमाने उडाल्यावर त्या करणाऱ्याला देशद्रोही ठरविणे फार सोपे असते.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरातली. कार्यकारिणीत ठराव संमत झाल्यानंतर, त्याला विरोध केलेल्या साथीला पुढील बैठकीची सूचना वेळेवर जाते काय? त्याचे टिपण अध्यक्षांपर्यंत पोहोचते, की मधल्या एखाद्या टेबलावर पाच महिने पडून राहते? सत्ता नसताना ज्यांना ही सवय लागली नाही, त्यांना सत्ता मिळाल्यावर ती लागेल असे मानण्यास इतिहासात मला आधार सापडत नाही. आपापल्या शाखांत परत गेल्यावर एवढे अवश्य तपासून पाहा.