हौसेचा तलाव आणि बांधाची राखण

मालेगांवच्या परिसरांत कोणी नौकाविहाराच्या हौसेनें ओढ्यावर मातीचा बांध घातला, तर तो लहान म्हणून निर्धास्त राहूं नये. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरें येथील लहानसें मातीचें धरण फुटलें व पायथ्याच्या वस्तींतील घरें माणसांसह वाहून गेलीं. २०२१ चा धरणसुरक्षा कायदा १० मीटरांहून कमी उंचीच्या बांधास लागू नाहीं. त्याची राखण मालकाच्या विवेकावरच असते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं सांडवा मोकळा करावा, भरावावर झाडें वाढूं देऊं नयेत, बिळें बुजवावीं. पायथ्याशीं गढूळ पाझर दिसल्यास आंतील माती वाहत आहे असें समजावें आणि खालच्या वस्तीस तत्काळ सावध करावें.