पहिल्या दिवसाची सुई



आज दोन लशींविषयी बोलू.
पहिली देवीची.
१८०२ च्या जूनमध्ये मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली.
भारतातली ही पहिली लस.
तिच्या दंडावर फोड आला.
त्या फोडातली लस पुढच्या मुलांना दिली.
तेव्हा शीतपेटी नव्हती.
मुलांचे हातच लस वाहून नेत.
१९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं.

दुसरी लस हिपॅटायटिस बीची, म्हणजे एका प्रकारच्या काविळीची.
तिची मोठी चाचणी न्यूयॉर्कमध्ये वोल्फ श्मुनेस यांनी घेतली.
हजारावर माणसं स्वखुशीनं पुढे आली.
निम्म्यांना लस दिली.
निम्म्यांना नुसतंच इंजेक्शन.
कोणाला काय मिळालं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
लस घेतलेल्यांत आजार कितीतरी कमी निघाला.
१९८० साली हे निष्कर्ष छापून आले.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो.
बाळंतपणात तो आईकडून बाळाला लागू शकतो.
म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत.
पुन्हा सांगते, २४ तासांत.
पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी.
सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात.

काविळीवर झाडपाला देणारे गावोगावी भेटतात.
त्यानं हा विषाणू जात नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

तेव्हा पेडणे असो वा डिचोली,
बाळंतिणीला घरी नेण्याआधी नर्सबाईंना विचारा,
'पहिला डोस झाला ना? कार्डावर नोंद केलीत ना?'