रामायण परत आले तेव्हा



‘घर आणि विरंगुळा’ या विषयावर बोल, असे मला चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, घराबद्दल विचाराल तेवढे सांगेन, विरंगुळ्याचे मात्र मला फारसे ठाऊक नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलावयाची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, “टाळेबंदीत तुझ्या घरी रामायणाच्या वेळी जे घडले, तेच सांग.” म्हणून तेच सांगते. त्यासाठी आधी माझ्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल.

रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर प्रथम सुरू झाले ते २५ जानेवारी १९८७ या दिवशी. दर रविवारी सकाळी साडेनऊला ते लागे. त्या वेळी मी आठ वर्षांची होते. आमच्या गावात टी.व्ही. एकच, तोही गुरुजींच्या घरी. शनिवारी रात्रीच आम्ही मुले ठरवून ठेवीत असू, की उद्या लवकर आंघोळ करावयाची आणि पुढची जागा धरावयाची. गुरुजींच्या दारात चपलांचा ढीग पडे. टी.व्ही.ला हार घातलेला असे आणि उदबत्ती लावलेली असे. पुढे आम्ही मुले, मागे बाकांवर पुरुषमंडळी आणि उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या चार बायका, अशी बैठक. मोठमोठ्या शहरांतले रस्तेही त्या वेळी ओस पडत, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. देशाने आपला रविवार त्या एका कार्यक्रमाभोवती बांधला होता, असे म्हटले तरी चालेल.

पण त्या बैठकीत माझी आई कधी नसे. कारण साधे होते. एरवी वडील दिवस उगवताच शेतावर जात. रविवारी मात्र रामायण पाहून जावयाचे, म्हणून ते साडेदहाला घरी येऊन जेवत आणि मग निघत. तेव्हा भाकऱ्या कधी भाजावयाच्या? बरोबर साडेनऊला. साऱ्या गावाने रामायणासाठी आपल्या वेळा बदलल्या, त्यामुळेच नेमक्या त्या वेळी आईला चुलीपाशी बसावे लागले. रस्ते थांबले, बाजार थांबला, पण चूल काही थांबली नाही.

मी घरी आले की आई विचारी, “काय झालं गं आज?” आणि भाकरी थापता थापता ऐके. मी तिला सगळे सांगे. कैकेयीने वर कसे मागितले, रामलक्ष्मण आणि सीता कसे निघाले, सगळे हातवारे करून सांगे. एका रविवारी वारा सुटला आणि मध्येच वीज गेली. दशरथ राजा पलंगावर पडून रामाच्या नावाने रडत होता, इतकेच आम्हाला दिसले. घरी आले तो आईने नेहमीसारखे विचारले. तिचे डोळे धुराने लाल झाले होते. आधीच ती रडत आहे असे मला वाटले, आणि मी तिला सांगितले, “राजाला बरं वाटलं. तो दूध पिऊन झोपला.” आई “बरं झालं” म्हणाली आणि तिने भाकरी उलटली. ही गोष्ट मी पुढे विसरून गेले.

आता २०२० साली या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आमच्या इचलकरंजीत झाले. आठ दिवसांनी भाऊ येऊन तिला गावी नेणार होता. तोच २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून टाळेबंदी आली. एस.टी. बंद, सगळेच बंद. आई अडकली. लेकीच्या घरी दोन दिवस आनंदाचे असतात, पुढे तिला संकोच वाटू लागला. जुनी माणसे ती! जावयाच्या घरचे अन्न फुकट खाऊ नये म्हणून डोळ्याला काळा चष्मा लावून ती लसूण सोलत बसे. मी हातातून काम काढून घेतले की दुसरे शोधून काढी.

घरात आणखी एक चिंता होतीच. आमचे यजमान यंत्रमागावर जॉबर. माग बंद पडले, त्याबरोबर पगारही बंद. ज्या माणसाला चोवीस तास मागाच्या खडखडाटाची सवय, त्याला ती शांतता सोसेना. ते दिवसभर चिडचिड करीत. आपल्या मंडळाने मास्क शिवावयाचे काम घेतले होते, त्यातून चार पैसे येत, पण पुरेसे नव्हते.

अशा वेळी २७ मार्चला बातमी आली, की लोकांच्या मागणीवरून उद्यापासून रामायण पुन्हा दाखविणार. सकाळी नऊ ते दहा आणि रात्री नऊ ते दहा. मी आईला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “म्हंजे आता दिसंल म्हणायचं.” त्या चार शब्दांनी माझ्या मनात काय झाले ते सांगता येणार नाही. तेहेतीस वर्षांपूर्वी जे तिने कानांनी पाहिले, ते आता नव्या डोळ्यांनी पाहावे, असे मला फार वाटले.

मग मी आमच्या घराचे वेळापत्रक नव्याने मांडले. पहाटे साडेचारला उठावयाचे, साडेआठला सर्वांची न्याहारी आटोपावयाची, रात्रीचे जेवण आठला. मास्कांचे काम दुपारी. आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावयाचे ते नवाच्या आधी. दुपारी बारा आणि सायंकाळी सात वाजता दुसऱ्या एका वाहिनीवर महाभारतही लागे. ते सासूबाई एकट्याच बघत. आम्हाला एका वेळी एकच महाकाव्य परवडणारे होते.

पहिल्या दिवशी सारे जमले. सासूबाई खुर्चीवर, मुले सतरंजीवर, यजमान दिवाणावर. आणि आई कुठे? स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी! गुरुजींच्या उंबऱ्याशी बायका उभ्या राहत, अगदी तशी. पुढे ये म्हटले तर म्हणाली, “हितनं दिसतंय की.” हाक आली की लगेच आत वळता यावे, म्हणून ती तेथे उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालिका ऐन रंगात असता यजमानांनी चहा मागितला. रोजच्या सवयीने मागितला, त्यात दुष्टावा नव्हता. मी उठण्याआधीच आई आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज मी ऐकला आणि माझा तोल गेला. सासूबाईंच्या देखत मी म्हणाले, “या एका तासात कोणी काही मागायचे नाही. चहा हवा असेल तर ज्याचा त्याने करून घ्यावा.” घर एकदम गप्प झाले. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली होती, पण असे मी कधी बोलले नव्हते. पगार थांबलेल्या माणसाला मी सर्वांसमोर बोलले, याचे मला लगेच वाईटही वाटले.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या आत जाऊन आईचा हात धरून आल्या आणि म्हणाल्या, “बसा हो विहीणबाई. मीसुद्धा त्या वेळी अर्धे रामायण मोरीतूनच ऐकले आहे.” आणि स्वतःची खुर्ची त्यांनी आईला दिली. यजमान काही न बोलता आत गेले. चहा पाचही जणांचा करून आणला. साखर जास्त झाली होती, पण कोणी तसे म्हटले नाही.

त्या दिवसापासून दोघी विहिणी शेजारी शेजारी बसू लागल्या. ललिता पवारांची मंथरा आली की दोघी मिळून तिला शिव्या घालीत, आणि “बाईनं काम मात्र झकास केलंय” असेही म्हणत. कौसल्येच्या रूपात जयश्री गडकर दिसल्या तेव्हा सासूबाईंना आपले तरुणपण आठवले. ‘सांगत्ये ऐका’ची नायिका ती, आणि दशरथाचे काम करणारे बाळ धुरी हे प्रत्यक्षातही तिचेच पती, हे त्यांनी आईला मोठ्या कौतुकाने सांगितले. आईला तर हे सारे नवेच होते.

आणि मग दशरथाच्या मृत्यूचा भाग आला. राजा पलंगावर पडून रामाच्या नावाने रडू लागला. मला काहीतरी आठवले, पण नक्की काय ते कळेना. राजाने प्राण सोडले. काळ्या चष्म्याखालून आईच्या गालावर पाणी ओघळले. ऑपरेशन झालेला डोळा, म्हणून मी घाबरून पुढे झाले, तो ती हसतच होती. म्हणाली, “तू तर म्हनली हुतीस, दूध पिऊन झोपला!”

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हटले, “आई, तुला अजून आठवतं? मी तेव्हा खोटं बोलले गं. वीज गेली होती.”

“मला काय दशरथ मेल्याला ठावं नव्हता व्हय? कीर्तनात लहानपनापास्नं ऐकलंय. पन तू एवढ्या मायेनं सांगत हुतीस. म्हनलं, एका रविवारी तरी जगू दे राजाला.”

भगिनींनो, मला वाटत होते की आईला रामायण मी दाखवीत आहे. पण भाकरी थापताना ती रामाची गोष्ट ऐकत नव्हती, ती माझे बोलणे ऐकत होती. तिच्या वाट्याला आलेल्या रविवारातून तिने तेवढा विरंगुळा काढून घेतला होता. म्हणून तिला चुलीपाशी बसविले ते योग्य झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणखी एक सांगावयाचे आहे. आमच्या समोरच्या खोलीत उत्तर प्रदेशातले दोन तरुण मागकामगार राहत. माग बंद, गावी जाण्याची सोय नाही, खोलीत टी.व्ही. नाही. तेही नवाच्या सुमारास आपल्या खिडकीत येऊन उभे राहत. यजमानांच्या ते ध्यानात आले. त्यांनी टी.व्ही. फिरवून खिडकीसमोर आणला आणि आवाज वाढविला. गल्लीचे अंतर राखून ती मुले रोज रामायण पाहत. रामाच्या वनवासात त्यांना काय दिसत असेल ते त्यांनाच ठाऊक. मे महिन्यात ती मुले निघून गेली. समोरची खिडकी बरेच दिवस बंद होती.

१९८७ साली सुरू होऊन दीड वर्ष चाललेली ती मालिका या वेळी बावीस दिवसांत संपली. २८ मार्चला सुरू झाली ती १८ एप्रिलला संपली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने सांगितले होते. त्या कोट्यवधींत दोन विहिणी एका ओळीत बसल्या होत्या, एवढे मी खात्रीने सांगते.

आता कोणी म्हणेल, हल्ली मोबाईलवर हवे ते हवे तेव्हा बघता येते, मग वेळ राखून ठेवावयाची गरज काय? मला उलटेच वाटते. ‘हवे तेव्हा’ म्हणजे बाईच्या बाबतीत सगळी कामे उरकल्यावर, आणि ती कधी उरकतात का? रात्री अकराला मोबाईल हातात घ्यावा, तो डोळे मिटतात. ठरलेली वेळ असली, सगळ्यांना ती ठाऊक असली, म्हणजेच काम थांबते. तो तास मला कोणी आयता दिला नाही. त्यासाठी मी पहाटे अर्धा तास आधी उठत होते, हेही विसरू नये. पण पुढे पुढे यजमान पाणी भरू लागले, थोरला मुलगा भांडी विसळू लागला, आणि तो अर्धा तास मला परत मिळाला. माग सुरू झाल्यावर पाणी पुन्हा माझ्याकडे आले. चहा मात्र अजून त्यांच्याकडेच आहे, आणि साखरही आता बेताची पडते.

माझे सांगणे एवढेच. रामायण बघा, नाहीतर भजनाला जा, वाचा, झोप काढा, काहीही करा. परंतु दिवसातला एक तास ठरवा, तो घरात सर्वांना सांगा, आणि त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहू नका, आत येऊन बसा. आपल्या घरात कोणी म्हातारी दारात उभी असेल, तर आधी तिला खुर्ची द्या.

जूनमध्ये भाऊ येऊन आईला घेऊन गेला. निघताना तिने सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, “लई दिस ऱ्हायले.” सासूबाई म्हणाल्या, “रामाला चौदा वर्षे लागली, तुम्ही अडीच-तीन महिन्यांतच निघालात.” आता रात्री नऊला मी तिला गावी फोन करते. पूर्वी ती “भांडी घासतीया, मागनं कर” म्हणे. आता विचारले, काय करतेस, की म्हणते, “काय न्हाई. बसलीया.”

हे एकच वाक्य ऐकून मला फार बरे वाटते.